कंपनीचं विंडोज पुसून कोरं विंडोज टाकताना

बहिणीने नवा लॅपटॉप घेतला होता. ती डीटीपीची कामं करते: लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. लॅपटॉप उघडला की आधी अँटिव्हायरसची ट्रायल बोलायची, मग कंपनीचं मदतनीस अॅप, मग कुठल्या तरी गेमची जाहिरात. चार महिने तिने सहन केलं. मग मी शहाणपणा केला, म्हटलं, "ताई, दे इकडे, फॉरमॅट मारून देतो." रविवारी जेवण झाल्यावर बसलो आणि चारच्या चहाला नवंकोरं विंडोज उभं होतं.

चहा संपेपर्यंत लक्षात आलं की वाय-फाय दिसत नाही. संध्याकाळी मायक्रोसॉफ्ट ऑफिस पैसे मागायला लागलं. सोमवारी सकाळी ताईचा फोन आला, सगळ्या जुन्या पत्रिका इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या उघडतायत. विंडोज टाकायला अर्धा तास लागला होता, ते निस्तरायला आठवडा गेला.

म्हणून या लेखात विंडोज टाकण्यापेक्षा आदल्या संध्याकाळच्या तयारीवर जास्त लिहिलंय. लॅपटॉपबरोबर आलेली प्रत्येक गोष्ट डिस्कवर राहत नाही. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डमध्ये असतं, ऑफिसचं तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, ड्रायव्हर (वाय-फाय, टचपॅड वगैरे भाग विंडोजकडून चालवून घेणारी छोटी सॉफ्टवेअरं) कंपनीच्या वेबसाइटवर. आणि तुमच्या स्वतःच्या वस्तू मात्र तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कोनाड्यांत पडलेल्या असतात. कोण कुठे राहतं हे कळल्याशिवाय घर पाडायला घ्यायचं नाही.

आधी ठरवा, गरज आहे का?

नुसती अँटिव्हायरसची कटकट असेल तर फॉरमॅट मारू नका. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड अॅप्स'मध्ये जा आणि नको ते एकेक काढून टाका. दहा मिनिटांत काम होतं. 'रिसेट धिस पीसी' हाही एक मार्ग आहे, पण कंपनीने भरलेली अॅपं तो पुन्हा आणून बसवू शकतो. तो पर्याय वापरलात तर आधीची अॅपं परत आणायची का, हा प्रश्न आला की 'नो' करा.

कोरं विंडोज टाकावं ते लॅपटॉप सेकंडहँड असेल तेव्हा, नवीन एसएसडी (डिस्क) बसवला असेल तेव्हा, व्हायरसचा संशय असेल तेव्हा, किंवा आत काय भरलंय यावर विश्वासच नसेल तेव्हा. हा अविश्वास अगदीच निराधार नाही. २०१४ च्या अखेरीस लेनोवोच्या काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीपासून टाकलेलं यायचं. ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारं) बसवून ब्राउझर आणि सुरक्षित वेबसाइट यांच्या मधे जाऊन बसत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा बोभाटा झाला, आणि २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली.

इथे मी विंडोज ११ धरून चाललोय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ घालूनच आलेल्या लॅपटॉपवर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) वगैरे अटींची काळजी करावी लागत नाही.

काय काय जवळ हवं

- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
- बॅकअपसाठी वेगळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा दुसरा पेन ड्राइव्ह.
- अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी केबल. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही.
- यूएसबीचा साधा माउस. काही लॅपटॉपचा टचपॅड ड्रायव्हर टाकेपर्यंत हलतच नाही.
- चार्जर. बॅटरी भरलेली असली तरी लावूनच ठेवा.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि ज्यावर ओटीपी येतो तो फोन.
- लॅपटॉपच्या पोटावरच्या सीरियल नंबरचा किंवा सर्व्हिस टॅगचा फोटो.
- भरपूर डेटा. विंडोजची फाइलच पाच जीबीच्या वर आहे, अपडेट वेगळे. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे काम काढू नका.

१. विंडोजचं लायसन्स बघून घ्या

पूर्वी लॅपटॉपच्या तळाशी प्रॉडक्ट कीचं स्टिकर असायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या ही की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहून देतात. डिस्क पुसा, बदला, ती जागची हलत नाही. त्यामुळे की शोधत बसायची गरज नाही, फक्त आपली आवृत्ती कोणती ते बघायचं. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अॅक्टिव्हेशन' या पानावर ती दिसते. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपवर 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज' असतं. फोटो काढून ठेवा.

सापळा इथे आहे. काही शे रुपयांत फॉरमॅट मारून देणारा दुकानदार बऱ्याचदा 'प्रो' टाकून देतो आणि कुठल्या तरी अॅक्टिव्हेटरने (लायसन्स नसताना ते असल्याचं भासवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते चालू करतो. तुमच्याकडे विकत घेतलेलं अस्सल 'होम' मदरबोर्डमध्ये पडून असतं आणि वर चालत असतं चोरीचं 'प्रो', सोबत त्या अॅक्टिव्हेटरमधून काय आलं ते देवाला ठाऊक. 'प्रो' ऐकायला भारी वाटतं म्हणून भुलू नका.

२. ऑफिस आधी खात्याला बांधा

लॅपटॉपबरोबर 'ऑफिस होम अँड स्टुडंट' कायमचं आलं असेल तर पुसण्याआधी वर्ड उघडा, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करा आणि ऑफिस अॅक्टिव्हेट करा. मग ब्राउझरमध्ये त्याच खात्याच्या 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' पानावर जाऊन ते यादीत आलंय हे डोळ्यांनी बघा. यादीत असेल तर नंतर तिथूनच पुन्हा उतरवता येतं. मी ही पायरी गाळली होती. बिल, सीरियल नंबर आणि हेल्पलाइनचं संगीत यांत तीन दिवस गेले.

खातं कोणाचं आहे तेही बघा. दुकानात लॅपटॉप चालू करून देताना विक्रेत्याने भलत्याच ईमेलने ऑफिस जोडून दिल्याचे प्रकार मी स्वतः पाहिलेत.

३. तुमच्या वस्तू गोळा करा

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो सगळेच घेतात. फसगत होते ती पुढच्या ठिकाणी.

वनड्राइव्ह. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर तुम्हाला नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. फाइलच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. अशा फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, सगळं उतरू द्या, मग बॅकअप घ्या. मोफत वनड्राइव्ह ५ जीबीचं असतं. ते भरल्यावर पुढच्या फाइली वर गेलेल्याच नसतात, त्यामुळे 'सगळं क्लाउडवर आहे' यावर विसंबू नका.

टॅली. या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीप्राइम तो सहसा सी ड्राइव्हवरच्या 'पब्लिक' फोल्डरात ठेवतं. टॅलीमध्येच डेटाचा पाथ बघा आणि तो फोल्डर उचला. शिवाय टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, ते आधी 'सरेंडर' करा. तसंच पुसलंत तर जुनं मशीन अजून लायसन्स धरून बसलंय असं टॅलीला वाटत राहतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचं सॉफ्टवेअर कुठून घेतलं होतं तेही लिहून ठेवा. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी ते आठवत नाही.

फॉन्ट. हे ताईच्या नावाने लिहितोय. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव या जुन्या, युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या व्यवस्थांत लिहिलेला मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. फॉन्ट असेल तोवर 'शुभविवाह' दिसतं, फॉन्ट गेला की उरते नुसती खिचडी. मी फाइली डी ड्राइव्हवर जपल्या होत्या, पण फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात होते. विंडोज फोल्डरातला अख्खा 'फॉन्ट्स' फोल्डर कॉपी करा. एखाद-दोन जीबी जागा गेली तर जाऊ द्या. या सॉफ्टवेअरचं लायसन्स डाँगलवर (यूएसबीत लावायच्या चावीवर) आहे की मशीनवर, तेही विक्रेत्याला आधीच विचारा.

उरलं काय? ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क सिंक झालेत का ते फोनवर उघडून बघा. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल (मेल साठवलेली) घ्या. प्रिंटर आणि स्कॅनरचं मॉडेल टिपून ठेवा.

बॅकअप झाल्यावर ती हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. नुसतं कॉपी झालं म्हणून झोपू नका.

४. एन्क्रिप्शनची चावी

'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. इथे 'ऑन' दिसलं तर तुमची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद आहे. ते तुम्ही केलेलं नसतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा आत शिरलात तेव्हा आपोआप झालेलं असतं. ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात 'डिव्हाइसेस'खाली सापडते. कागदावर उतरवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

सगळीच डिस्क पुसणार असाल तर पुढे त्रास नाही. पण आपल्याकडे सी आणि डी असे दोन भाग करून डी वर डेटा ठेवायची सवय आहे. फक्त सी पुसून डी राखायचा विचार असेल तर आधी इथेच एन्क्रिप्शन 'ऑफ' करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. नाहीतर नव्या विंडोजमध्ये डी ड्राइव्ह कुलपासकट समोर येईल आणि तेच ४८ अंक मागेल.

५. ड्रायव्हर आणि परतीची वाट

कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर टाकून किमान तीन ड्रायव्हर उतरवा: वाय-फाय, चिपसेट, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर 'रॅपिड स्टोरेज'चा व्हीएमडी ड्रायव्हर. हा तिसरा फार महत्त्वाचा, कशासाठी ते आठव्या पायरीत येईल. तो झिप उघडून, आतल्या आयएनएफ फाइली दिसतील अशा सुट्या स्वरूपात ठेवा. नुसती सेटअपची फाइल तिथे कामाची नाही.

कंटाळा येत असेल तर एक पळवाट आहे. विंडोज फोल्डर, त्यात 'सिस्टिम३२', त्यात 'ड्रायव्हरस्टोअर', त्यात 'फाइलरिपॉझिटरी'. हा फोल्डर अख्खा कॉपी करा. सध्या चालू असलेले सगळे ड्रायव्हर त्यात असतात, आणि नंतर डिव्हाइस मॅनेजरला 'इथे शोध' म्हणून तोच फोल्डर दाखवता येतो. मी आता दर वेळी हेच करतो.

परतीची वाट म्हणजे कंपनीचं मूळ विंडोज जसंच्या तसं परत आणायची सोय. डिस्कवरचा रिकव्हरी भाग पुसला की ती जाते. डेलचं 'ओएस रिकव्हरी टूल', एचपीचं 'क्लाउड रिकव्हरी टूल', लेनोवोचं 'यूएसबी रिकव्हरी क्रिएटर' यांपैकी आपल्याला लागू असेल त्याने सीरियल नंबरवरून रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह करता येतो. वॉरंटीत असलेल्या लॅपटॉपसाठी हा करून ठेवाच. सर्व्हिसवाले आधी 'फॅक्टरी कंडिशनला आणा' म्हणतात आणि मगच स्क्रू खोलतात.

बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट बाकी असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर आत आहे तोवर, आताच करून घ्या.

६. पेन ड्राइव्ह तयार करा

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ चं 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या, पेन ड्राइव्ह लावा, 'नेक्स्ट' करत जा. टेलिग्रामवरून किंवा मित्राकडून आलेली 'हलकी' विंडोज वापरू नका. 'रूफस' या दुसऱ्या टूलने करत असाल तर पार्टिशन स्कीम 'जीपीटी' ठेवा. पेन ड्राइव्ह झाला की पाचव्या पायरीतले ड्रायव्हर त्याच्यावरच एका फोल्डरात टाका.

७. पेन ड्राइव्हवरून सुरू करा

चालू करताना बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबायची: डेल, लेनोवो आणि एसरला एफ१२, एचपीला एफ९, असुसला एस्केप. एसरवर ही कळ कधी कधी बायोसमध्ये आधी चालू करावी लागते. कळ साधत नसेल तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा, निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' निवडा आणि पेन ड्राइव्हचं नाव दाबा. नव्या माणसाला हाच मार्ग बरा.

'सिक्युअर बूट' (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्टच्या टूलने केलेल्या पेन ड्राइव्हला त्याची गरज नसते. सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीच्या 'लेगसी' मोडकडे तर फिरकूही नका.

८. पुसण्याची पायरी

भाषा आणि कीबोर्ड विचारून झाल्यावर नवा इन्स्टॉलर 'सगळं पुसलं जाईल' या वाक्यापुढे टिक करायला लावतो. घाबरू नका, त्या क्षणी काही पुसलं जात नाही. प्रॉडक्ट की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' करा. बहुतेक वेळा की आणि आवृत्ती दोन्ही तो मदरबोर्डमधून स्वतः वाचतो आणि विचारतही नाही. विचारलीच आवृत्ती, तर पहिल्या पायरीतल्या फोटोत आहे तीच निवडा.

मग डिस्कची यादी येते. इथे कधी कधी यादी रिकामीच दिसते किंवा फक्त पेन ड्राइव्ह दिसतो. नव्या इंटेल लॅपटॉपवर हे बऱ्याचदा होतं. एसएसडी मेलेला नाही. तो व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या मागे लपलाय आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नाही. 'लोड ड्रायव्हर' दाबा, पेन ड्राइव्हवरचा तो सुटा फोल्डर दाखवा, डिस्क प्रकट होते.

आता डिस्क ओळखा. ५१२ जीबीची डिस्क इथे साधारण ४७७ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१. पेन ड्राइव्हही याच यादीत असतो, म्हणून 'डिस्क ०', 'डिस्क १' या नावांवर नाही, आकारावर जा. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर दोनदा बघा. पूर्ण कोरं करायचं असेल तर त्या एका डिस्कचे सगळे भाग एकेक करून डिलीट करा, शेवटी एकच 'अनअलोकेटेड स्पेस' उरेल. ती निवडून 'नेक्स्ट'. भाग आपण पाडायचे नाहीत, विंडोज लागतील तसे स्वतः पाडतं. डी राखायचा असेल तर तो सोडून बाकीचे.

इथून पुढे मागे फिरता येत नाही. यानंतर वीस-तीस मिनिटं चहा. मशीन मधे दोनदा रीस्टार्ट होतं, तेव्हा पुन्हा बूट मेनूची कळ दाबू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

९. सुरुवातीचे प्रश्न

'होम' आवृत्ती इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर यादीत एकही नेटवर्क दिसत नाही. त्या रविवारी मी नेमका इथे अडकलो होतो. उपाय साधा आहे: अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमधून 'यूएसबी टिदरिंग' चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अपडेट मोबाइल डेटावर खेचले जाऊ नयेत म्हणून आत शिरल्या शिरल्या वाय-फायचा ड्रायव्हर टाका आणि केबल काढा.

मायक्रोसॉफ्ट खातं टाळायच्या जुन्या युक्त्या नव्या आवृत्त्यांमध्ये एकेक बंद होत चालल्यात. तुमचं ऑफिस त्याच खात्यात असेल तर टाळण्यात फारसा अर्थही नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: तुमच्या फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच इंग्रजी अक्षरांवरून पडतं. ईमेल 'स्वप्निल'ने सुरू होत असेल तर आयुष्यभर 'स्वप्न' नावाच्या फोल्डरात राहावं लागतं.

१०. आत आल्यावर

आधी 'अॅक्टिव्हेशन' बघा. नेट लागल्यावर 'डिजिटल लायसन्स'ने अॅक्टिव्हेट झालं असं दिसायला हवं. मग विंडोज अपडेट, काही उरत नाही तोवर, रीस्टार्ट करत करत. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स'खालीही ड्रायव्हर असतात, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह कुठे दिसलं तर राइट-क्लिक करून जपलेला ड्रायव्हरांचा फोल्डर दाखवा.

कंपनीचं सगळंच टाकाऊ नसतं. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय लेनोवोच्या 'व्हँटेज'मध्ये आणि 'मायअसुस'मध्ये आहे. लॅपटॉप दिवसभर चार्जरला असेल तर तेवढं एक अॅप परत घ्या. असुसचं अॅप तर कोऱ्या विंडोजवरही स्वतःहून 'मला बसवा' म्हणत येऊ शकतं, कारण ते विचारणं बायोसमध्ये असतं. नको असेल तर तिथेच बंद करा.

एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप सुरू झालंय का बघा. झालं असेल तर की नवी आहे, जुना कागद फाडा आणि नवा लिहा.

मराठीसाठी 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी ही भाषा जोडा. 'सिंगल लँग्वेज' आवृत्तीत पडद्याची भाषा एकच राहते, पण कीबोर्ड कितीही जोडता येतात. 'मराठी' म्हणजे इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड), 'मराठी फोनेटिक' म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल करायची.

मग जपलेले फॉन्ट निवडा, राइट-क्लिक, 'इन्स्टॉल'. ताईचे फॉन्ट शेवटी सापडले. तिने नोकरी केली होती त्या छापखान्यात एक जुनी सीडी होती, मालकांनी ती आनंदाने दिली. घरी आणली तेव्हा लक्षात आलं की नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही.